वेष्टनावरचा क्रमांक

कला शाखेच्या विद्यार्थिनीने इंजेक्शनच्या सिरिंजवर लेख लिहावा, याचे मैत्रिणींना नवल वाटले. पण गेल्या वर्षी आई दवाखान्यात होती, तेव्हा तिच्या शिरेत बसवलेली नळी सिस्टर सलाइनने भरलेल्या तयार सिरिंजने धूत असत. वेष्टन फोडण्यापूर्वी त्यावरचा बॅच क्रमांक त्या केसपेपरवर उतरवून घेत. "एवढे बारीक आकडे कशाला लिहिता?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "उद्या काही निघालंच, तर शोधायचं कुठे?" त्या उत्तराचा माग काढताना अमेरिकेतील एक प्रकरण माझ्या वाचनात आले.

शिरेतील नळीत रक्त गोठू नये म्हणून ती सलाइनने किंवा हेपॅरिन या औषधाने धुतात. त्यासाठी कारखान्यातूनच भरून आलेल्या सिरिंज मिळतात. त्यामुळे वेळ वाचतो, हाताळणीही कमी होते. मात्र आतील द्रव थेट रक्तात जातो. तो निर्जंतुक नसेल, तर शरीराचे नेहमीचे पहारेकरी वाटेत भेटतच नाहीत.

२००७ च्या अखेरीस टेक्सासमधील काही रुग्णांच्या रक्तात सेराशिया मार्सेसेन्स हा जंतू सापडला. इटलीत १८१९ साली मक्याच्या लापशीवर रक्तासारखे डाग पडून लोक भयभीत झाले होते. त्याचे कारण म्हणून बार्तोलोमेओ बिझिओ याने जो सूक्ष्मजीव दाखवला, तोच हा. शोध घेता घेता धागा नॉर्थ कॅरोलायनातील एएम-टू-पॅट कंपनीच्या हेपॅरिन-सिरिंजपर्यंत पोहोचला. डिसेंबर २००७ मध्ये एक लॉट परत मागवण्यात आला. जानेवारी २००८ मध्ये हेपॅरिन व सलाइन या दोन्हींचे सर्व लॉट. दीडशेहून अधिक रुग्णांना लागण झाल्याची नोंद झाली.

निर्जंतुकतेच्या चाचणीत नमुना पोषक द्रवात १४ दिवस ठेवून त्यात काही वाढते का, हे पाहतात. या कंपनीने चाचण्यांशिवाय माल बाजारात पाठवला व मागील तारखा घालून खोट्या नोंदी तयार केल्या, असे सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडले. दोन कर्मचाऱ्यांनी गुन्हा कबूल केला. २००९ मध्ये त्यांना साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

माल परत मागवण्याची सारी व्यवस्था क्रमांकावर उभी आहे. क्रमांक नोंदलेला असेल, तर सदोष बॅच कोणाला टोचली, कोणत्या कपाटात उरली, हे कळते व पुढचे रुग्ण वाचतात. नोंद नसेल तर शोध थांबतो. आणि नोंदच खोटी असेल, तर चांगले व वाईट वेगळे करण्याचे साधनच हातातून जाते. मग सगळेच फेकावे लागते. ज्यांना लागण झाली, त्यांना मात्र यापैकी कशानेही ती टाळता येत नाही.

आपण भाषेचे व इतिहासाचे विद्यार्थी. कागदावरील शब्द खरा की खोटा, हे तपासणे हाच आपला अभ्यास. त्या शब्दावर कोणाचे प्राणही अवलंबून असू शकतात, हे मला वर्गात नव्हे, आईच्या खाटेशेजारी बसून उमगले.