तबकडीवरचे चित्र : डीव्हीडी आणि ब्लू-रे

जळगावहून अजिंठ्याला गेलात, की पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या मुकुटावरची बारीक नक्षी पाहा. तबकडीवर ती किती टिकेल? आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे. ब्लू-रेचे १९२० × १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे. बरोबर पाचपट! डीव्हीडी वाचणाऱ्या तांबड्या लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, ब्लू-रेच्या जांभळ्या लेसरची ४०५. तरंगलांबी कमी, म्हणून प्रकाशाचा ठिपका लहान आणि खुणाही बारीक. त्यामुळे एका थरात ४.७ ऐवजी २५ गिगाबाइट माहिती मावते. डीव्हीडी मोठ्या पडद्यावर लावली, तरी गेलेली नक्षी परत येत नाही. आलेखकागदावर ‘क्ष’ आधी मोठ्या, मग लहान चौकोनांत रंगवा. कारण लगेच कळेल.