थकलेल्या बिलाचे पत्र आणि संगणकाला द्यावयाची सूचना

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि कृत्रिम बुद्धिमत्ता छोट्या कारखानदाराच्या मोबाइलपर्यंत येऊन पोहोचली. अशा साधनाला जी लेखी सूचना द्यावी लागते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. उत्तर मनाजोगते न आल्यास दोष साधनाला दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा सूचनाच अपुरी असते.

समजा, इंदूरमधील एक लघुउद्योजक पीथमपूरच्या एका मोठ्या कारखान्याला यंत्रांचे सुटे भाग पुरवितो. त्याचे बिल थकले आहे. तो साधनाला लिहितो : ‘थकलेल्या पैशांसाठी कडक पत्र लिहा.’ क्षणार्धात पत्र तयार होते. त्यात 18 टक्के व्याज, सात दिवसांची मुदत आणि कोर्टाची धमकी असे सारे काही असू शकते. मात्र त्यांपैकी एकही गोष्ट उद्योजकाने सांगितलेली नसते. साधन एका शब्दामागून दुसरा संभाव्य शब्द मांडीत जाते. जी माहिती दिली नाही तिची जागा, अशा पत्रांत सामान्यतः जे आढळते त्याने ते भरून काढते. असे पत्र जसेच्या तसे धाडल्यास निम्मे काम देणारे गिऱ्हाईक दुखावेल, आणि पैसे राहतील बाजूला, वाद मात्र व्याजाच्या दरावर सुरू होईल.

आता हीच सूचना पुढीलप्रमाणे लिहून पाहावी :

‘आमचा सुट्या भागांचा लघुउद्योग असून उद्यम नोंदणी आहे. ग्राहक “क्ष” कंपनी, संबंध आठ वर्षांचे. 10 जून 2025 रोजी माल पोहोचला व स्वीकारला गेला. बिल 1,86,000 रुपयांचे, लेखी ठरलेली मुदत 30 दिवसांची. 18 जुलै रोजी 60,000 रुपये मिळाले; बाकी 1,26,000 रुपये. लेखा विभागाच्या व्यवस्थापकांना हिंदीत, दीडशे शब्दांत पत्र लिहावे. भाषा नम्र पण ठाम असावी. रक्कम नेमकी केव्हा मिळेल, ती तारीख मागावी. कायदेशीर कारवाईचा उल्लेख करू नये. येथे न दिलेला कोणताही आकडा, दर वा कलम घालू नये. माहिती कमी पडल्यास आधी प्रश्न विचारावा.’

या सूचनेत अवघड असे काहीच नाही. नव्याने लागलेल्या कारकुनाला पत्र लिहावयास सांगताना जे सांगावे लागते, तेच येथे आहे. त्यातही शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. त्याने साधनाचा कल्पनाविलास पुष्कळसा आवरतो. पूर्णपणे थांबतोच असे नाही, म्हणून तयार पत्रातील प्रत्येक आकडा बिलाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

पहिल्या पत्राला उत्तर न आल्यास दुसऱ्यात कायद्याचा आधार घेता येतो. मात्र तो साधनाच्या स्मरणावर सोडू नये. कलमाचा मजकूर स्वतः मिळवून सूचनेत द्यावा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 नुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास कलम 16 प्रमाणे रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. साधनाने मनाने घातलेल्या 18 टक्क्यांचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. व्याजाची आकडेमोडही एक्सेलमध्ये वा गणकयंत्रावर पुन्हा करून घ्यावी. भाषेत तरबेज असलेले साधन बेरीज-गुणाकारात अधूनमधून फसते, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने!

सूचनेत ग्राहकाचे नाव न घालता ‘क्ष’ लिहिले आहे, तेही सहेतुक. खाते क्रमांक, पॅन, आधार, खातेउतारा, दुसऱ्याचे दरपत्रक यांपैकी काहीही अशा साधनात घालू नये. खरे नाव पत्र लेटरहेडवर घेताना भरता येते. ओटीपी आणि पासवर्डविषयी तर वेगळे सांगावयास नकोच.

जमलेली सूचना वहीत वा संगणकात जपून ठेवावी. पुढील वेळी केवळ तारखा व रकमा बदलाव्या लागतात. कर्जासाठी प्रकल्प अहवाल लिहून घेतानाही हीच रीत उपयोगी पडते. ‘बाजारात प्रचंड मागणी आहे’ हे साधनाचे आवडते वाक्य कर्ज अधिकाऱ्याला काहीच सांगत नाही. हाती असलेल्या ऑर्डरी, यंत्राची मासिक क्षमता आणि मागील दोन वर्षांची विक्री सूचनेत घातली, तर तोच परिच्छेद वाचण्याजोगा होतो.