टेलिकन्व्हर्टर : घेण्याआधी हिशोब करा

जळगाव-धुळ्याकडील आपले कित्येक बंधू फोटो स्टुडिओ आणि लग्नसराईच्या कामावर घर चालवतात. त्यांच्यासाठी आजचा धडा आहे.

झूम न होणाऱ्या, एकाच फोकल लेंथच्या लेन्सला प्राइम म्हणतात. ती भरपूर उजेड घेते व चित्र स्वच्छ देते. अडचण एकच. १३५ मि.मी. नंतर एकदम ३०० मि.मी. लेन्स असेल, तर मधली जागा रिकामी राहते. प्रत्येक रिकाम्या जागेसाठी नवी लेन्स घेणे म्हणजे प्रत्येक पन्ह्याचे ठाण भरून ठेवणे. माल पडून राहतो, भांडवल अडकते.

टेलिकन्व्हर्टर कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसतो आणि चित्राचा मधला भाग मोठा करतो. मात्र कापड ताणले की वीण विरळ होते, तसा उजेड कमी होतो व लेन्सचे दोषही मोठे दिसतात. १.४ पटीचा कन्व्हर्टर उजेड निम्मा करतो, २ पटीचा चौथाई.

आता हिशोब मांडू. १३५ मि.मी. एफ/२ लेन्सला १.४ पट लावला की १८९ मि.मी. एफ/२.८ होते. ३०० मि.मी. एफ/४ ची ४२० मि.मी. एफ/५.६ होते. म्हणजे दोन लेन्स व एका कन्व्हर्टरमध्ये १३५, १८९, ३००, ४२० असे चार टप्पे मिळाले, तेही बऱ्यापैकी सारख्या अंतराने. पण तुमच्याकडे १३५ व २०० असतील, तर १८९ मिळून काय उपयोग? २०० तर आधीच हाताशी आहे. तसेच १३५ ला २ पट लावून २७० मिळते, ते ३०० च्या शेजारी जाऊन बसते. म्हणून आकडे आधी कागदावर लिहा, मग दुकानात जा.

चार गोष्टी तपासा. कन्व्हर्टरची पुढची काच अनेकदा बाहेर आलेली असते. ५० किंवा ८५ मि.मी. सारख्या लेन्सवर तो बहुधा बसत नाही. जबरदस्ती केल्यास दोन्ही काचा खराब होतात, म्हणून कंपनीची यादी पाहा. दुसरे, एफ/८ पर्यंत गेल्यास बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस काम सोडतो. तिसरे, उघड्या छिद्रावर चित्र मऊ वाटल्यास एक टप्पा बंद करा. चौथे, लांब लेन्स हलते, म्हणून स्टँड वापरा. एक फायदाही आहे. जवळात जवळ फोकस होण्याचे अंतर तेच राहते, त्यामुळे दागिन्यांची बारीक कलाकुसर मोठी टिपता येते.

खान्देशात याचे आणखी एक काम आहे. १८८४ नंतर शास्त्रज्ञांना न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, पुन्हा दिसला. यावल अभयारण्यातही तो आहे. हा पक्षी जेमतेम २३ सें.मी. लांब असतो व दिवसा वावरतो. ३०० वर तो चौकटीत लहान दिसतो आणि जवळ गेल्यास बिथरतो. ४२० वर त्याचे चित्र क्षेत्रफळाने जवळजवळ दुप्पट भरते, पाऊल पुढे न टाकता.

नव्या लेन्ससाठी कर्ज काढण्यापूर्वी एक दिवस कन्व्हर्टर भाड्याने आणा, आपल्याच कॅमेऱ्यावर, आपल्याच हॉलच्या उजेडात दहा फोटो काढा. मोठे करून पाहा. ग्राहकाला देण्याजोगे असतील तरच पैसे मोजा.