एक भागिले सात

पालकहो, आज मुलाकडून पाढे म्हणवून घेऊ नका. कागद-पेन्सिल द्या, शेजारी बसा आणि १,४२,८५७ ही संख्या लिहायला सांगा. मोबाइल मात्र दूर ठेवा, तुमचाही.

दोनने गुणलं की २,८५,७१४. तीनने गुणलं की ४,२८,५७१. इथे जरा गप्प राहा. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात दुसरीकडून, हे मुलालाच दिसू द्या. सहापर्यंत असंच चालतं. मग सातने गुणायच्या आधी अंदाज विचारा. उत्तर येतं ९,९९,९९९.

एवढी गंमत दाखवून उठून जाऊ नका, हा माझा आग्रह. 'असं का?' याचं उत्तर भागाकार येणाऱ्या कुठल्याही मुलाच्या हाती लागण्यासारखं आहे. एकला सातने भागायला घ्या. एकावर शून्य, दहा. सात एके सात, बाकी तीन. तिनावर शून्य, तीस. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. पुढे सहा, चार, पाच, आणि पुन्हा एक. सातने भागताना शून्य सोडलं तर बाक्या सहाच असू शकतात. त्या सगळ्या येऊन गेल्यावर भागाकाराला पहिल्या जागी परतावंच लागतं. म्हणून उत्तर ०.१४२८५७१४२८५७… असं फिरत राहतं. तीन भागिले सात केलं तर हीच फेरी बाकी तीनपासून सुरू होते आणि पहिला अंक ४ येतो. गुणाकारातली अदलाबदल ती हीच.

मूल रंगलं असेल तर या संख्येचा वर्ग करायला लावा. तो २०,४०,८१,२२,४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा. १,४२,८५७ परत हजर! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ४५ ही त्यातलीच एक: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. गणितात पदव्युत्तर शिक्षण नव्हतं. संख्यांशी खेळण्याचा नाद मात्र जन्मभराचा. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना 'हर्षद' हे नाव त्यांनीच दिलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ने तिला भाग जातो, म्हणजे ती हर्षदही आहे.

परीक्षेत येतं का हे? नाही येत. म्हणूनच तर घरी करायचं. इथे घड्याळ नाही, गुण नाहीत, शेजारच्या मुलाशी तुलना नाही. चुकलं तर खोडून पुन्हा करायचं.

अकराने भागलं तर फेरी दोनच अंकांत आटोपते, तेराला सहा लागतात आणि सतराला चक्क सोळा. पुढच्या रविवारी सतरा घ्या. आणि कृपा करून, हा सोळाचा आकडा आधी सांगून टाकू नका.