परसातील मत्स्यतळे व शेवाळाचे नैसर्गिक नियंत्रण

वडगाव निंबाळकर व आसपासची गावे नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या कालव्याचे पाणी बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतीस मिळत असून त्यावर उसाचे क्षेत्र वाढले आहे. ज्या कुटुंबाच्या परसात विहिरीच्या किंवा आवर्तनाच्या पाण्याने भरणारे गुंठ्याभराचे तळे असते, त्यास घरापुरते मासे वाढविणे कठीण नाही. परंतु उन्हाळा वाढू लागला की तळ्याचे पाणी गर्द हिरवे होते, काठाशी शेवाळाचे पुंजके जमतात आणि एखाद्या पहाटे सर्व मासे मरून तरंगताना दिसतात. वर्षभराची मेहनत एका रात्रीत वाया जाते. हे नुकसान टाळणे शेतकऱ्याच्या हाती आहे. मात्र त्यासाठी शेवाळ का वाढते हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

शेवाळ का वाढते?

शेवाळ ही वनस्पती आहे. पिकाप्रमाणे तिलाही नत्र, स्फुरद व सूर्यप्रकाश लागतो. उसास दिलेल्या खताचा निचरा, गोठ्यातून वाहून येणारे मूत्र, प्रमाणाबाहेर टाकलेले शेण व माशांनी न खाल्लेले खाद्य यांतून हे अन्न तळ्यात साठते. म्हणून शेवाळ हा मूळ रोग नसून पाण्यात खत जास्त झाल्याची ती खूण होय.

दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेही माशांप्रमाणे प्राणवायू घेते. त्यामुळे सूर्योदयापूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. दाट शेवाळाच्या तळ्यात ढगाळ दिवसानंतरची पहाट म्हणूनच घातक ठरते.

सर्व शेवाळ वाईट नव्हे

पाण्यास फिकट हिरवा रंग देणारे सूक्ष्म शेवाळ हे माशांचे अन्न आहे. ते नाहीसे करू नये. काठाशी व तळाशी वाढणारे धाग्यांचे शेवाळ जाळ्यात गुंतते व माशांच्या हालचालीस अडथळा करते. ते काढून टाकावे. पाण्यावर रंगासारखी साय धरणारे निळे-हिरवे शेवाळ सर्वांत धोक्याचे असते. त्याच्या काही जाती विषारी असतात. असे पाणी जनावरांस पाजू नये.

पाण्याची परीक्षा हाताने करता येते. उन्हाच्या वेळी हात सरळ पाण्यात बुडवावा. कोपर बुडण्याच्या सुमारास तळवा दिसेनासा झाला तर हिरवेपणा योग्य आहे. मनगटाच्या थोडे वर पाणी येताच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ दाट झाले आहे. काखेपर्यंत हात बुडवूनही तळवा दिसत असेल तर माशांचे अन्न अपुरे आहे, व तळापर्यंत ऊन पोहोचल्याने धाग्यांचे शेवाळ वाढेल. पाणी मातकट असल्यास ही परीक्षा उपयोगी नाही.

उपाय

१. खताची वाट बंद करावी. तळ्याभोवती वीतभर उंच बांध घालून गोठ्याचे व शेताचे पाणी बाहेर वळवावे. पाणी गर्द हिरवे असेपर्यंत शेण टाकू नये.

२. खाद्य मोजून द्यावे. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड समभाग घेऊन जुन्या परातीत ठेवावी व ती पाण्यात टांगावी. दोन तासांनी खाद्य उरल्यास दुसऱ्या दिवशी तितके कमी करावे.

३. तळाचे पाणी पिकास द्यावे. नळीने तळाजवळचे पाणी काढून भाजीपाल्यास सोडावे व तितकेच ताजे पाणी भरावे. एका वेळी पाचव्या हिश्शाहून अधिक पाणी बदलू नये. शेवाळाचे अन्न यायोगे पिकाच्या उपयोगी पडते. कालव्याचे पाणी बारीक जाळीतून घ्यावे.

४. धाग्यांचे शेवाळ बांबूच्या दाताळ्याने ओढून काढावे. हे काम सकाळी दहानंतर करावे, कारण तेव्हा पाण्यात प्राणवायू वाढलेला असतो. काढलेले शेवाळ काठावर न सोडता खताच्या खड्ड्यात टाकावे.

५. सावली करावी. तळ्याच्या पश्चिम बाजूस मांडव घालून दोडका किंवा दुधी चढवावा. निम्म्याहून अधिक पाणी झाकू नये. जलपर्णी मात्र कदापि आणू नये. ती सर्व पाणी व्यापते.

६. माशांची निवड विचारपूर्वक करावी. चंदेरा व गवत्या हे मासे १९५९ साली परदेशातून भारतात आणण्यात आले. चंदेरा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, तर गवत्या पाणवनस्पती व कोवळे धागे खातो. गुंठ्याच्या तळ्यात बोटाएवढी सुमारे ५० पिले सोडावीत : रोहू १४, चंदेरा १२, कटला ८, मृगळ ६, सिप्रिनस ६ व गवत्या ४. गवत्याच्या विष्ठेनेच पाण्यास खत मिळते, म्हणून त्याची संख्या वाढवू नये. निळ्या-हिरव्या शेवाळाची साय केवळ माशांच्या भरवशावर नाहीशी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

७. मासे काढल्यावर तळे भेगा पडेपर्यंत वाळवून गाळ काढावा व तो शेतात पसरावा. या भागातील काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी असल्याने सामू तपासल्यावाचून चुना टाकू नये.

मोरचूद व पाचट यांविषयी

काही शेतकरी मोरचूद टाकून सर्व शेवाळ एकदम मारतात. पाणी दोन दिवस स्वच्छ दिसते. पण मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू संपतो व मासे गुदमरतात. शिवाय त्यातील खत पाण्यातच राहिल्याने शेवाळ पुन्हा वाढते. इंग्लंडमध्ये सातूचे काड तळ्यात ठेवून नव्या शेवाळाची वाढ रोखण्याची पद्धत आहे. म्हणून येथे उसाचे पाचट टाकले तर तोच गुण येईल असे समजू नये. ओले पाचट कुजून उलट प्राणवायू कमी होतो.

पहाटेची तपासणी

आठवड्यातून दोनदा, व ढगाळ हवेत रोज, सूर्योदयापूर्वी तळ्यावर जावे. मासे पृष्ठभागावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे व पंपाने ताजे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे. वीज नसल्यास बादल्यांनी तळ्यातीलच पाणी उचलून उंचावरून ओतावे. मासे खाली जाईपर्यंत हे काम थांबवू नये.

ग्राम-कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील एका तळ्यावर हाताची परीक्षा व परातीतून खाद्य देण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. शेवाळ मारण्यापेक्षा त्याचे अन्न तोडणे सोपे व बिनखर्चाचे आहे, ही गोष्ट शेतकऱ्यास एकदा पटली म्हणजे त्याचे मासे सुरक्षित राहतील.