विमानाच्या रंगावर राहिलेला टेपचा गोंद

उन्हात बरेच दिवस राहिलेल्या चिकटपट्टीचा गोंद रंगाला घट्ट धरतो. तो पात्याने खरवडू नये. ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तेथून गंज व तडा सुरू होतो. पट्टी कोमट हवेने मऊ करून, मागे दुमडत सावकाश ओढावी. उरलेला गोंद देखभाल-पुस्तिकेत मान्य असलेल्या द्रावणाने पुसावा. ॲसिटोनने रंगच मऊ होतो.

२ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या विमानाच्या हवादाब मोजणाऱ्या छिद्रांवर धुलाईच्या वेळची पट्टी राहून गेली होती. उंची व वेग चुकीचे दिसले आणि ७० जणांचे प्राण गेले. म्हणून लावलेल्या व काढलेल्या पट्ट्यांचा हिशोब जुळल्याशिवाय काम पुरे समजू नये.