अपघात संपतो, भीती मागे राहते



२२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. कोणीतरी साखळी ओढली आणि पाचोरा तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ गाडी थांबली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले. तेवढ्यात समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान १२ जण दगावले. आग लागलेलीच नव्हती.

जखमींना पाचोरा व जळगावच्या रुग्णालयांत नेले. टाके निघतात, हाडे जुळतात. पण डोळ्यांनी जे पाहिले त्याचे काय? वाचलेले प्रवासी, मदतीला धावलेले गावकरी, पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक यांच्या मनाची चौकशी आपण क्वचितच करतो. म्हणून या रविवारी आम्ही आघातोत्तर ताण विकाराविषयी, म्हणजे डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात त्याविषयी, लिहीत आहोत.

समजा, जळगावला रोज अपडाऊन करणारा कोणी त्या गाडीत होता. दोन महिने झाले तरी तो स्टेशनकडे फिरकत नाही. नोकरी जाईल म्हणून बायको काळजीत आहे. कुकरची शिट्टी झाली तरी तो दचकतो. रात्री ओरडत उठतो, मुलांवर विनाकारण चिडतो, आणि त्या दिवसाचा विषय निघाला की उठून जातो. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले असेल, उतारा करा. मित्र म्हणतात, एक क्वार्टर घे, झोप येईल. आम्हाला खेद वाटतो तो तिसऱ्या सल्ल्याचा, कारण तो आपल्यातच दिला जातो: ‘तुझी श्रद्धा कमी पडते.’

एलिया संदेष्ट्याची श्रद्धा कमी होती काय? ईजबेलच्या धमकीने तो रानात पळाला आणि झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवदूताने त्याला बोल लावला नाही. भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला, तेव्हा पुन्हा उठवून खाऊ घातले (१ राजे, अध्याय १९).

खरे म्हणजे अशा माणसाच्या मेंदूतील धोक्याची घंटा बंद झालेली नसते. घडून गेलेली गोष्ट आठवत नाही, ती पुन्हा घडते. आघातानंतरचे पहिले काही आठवडे असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक जण हळूहळू सावरतात. महिना उलटूनही त्रास कमी होत नसेल, कामधंदा किंवा संसार अडत असेल, तर उपचार हवेत. लहान मुले बोलत नाहीत; तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा करतात, अंथरूण ओले करू लागतात. घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रीलाही हाच विकार होतो, आणि तिच्या अपघाताची बातमी पेपरात येत नाही.

उपचारात मुख्य भाग बोलण्याचा. प्रशिक्षित समुपदेशकासमोर, सुरक्षित जागी, तो प्रसंग थोडा थोडा करून सांगायचा. मग टाळलेल्या जागी पायरीपायरीने परतायचे: आधी स्टेशनबाहेरच्या टपरीवर चहा, मग फलाट, मग एका स्टेशनापुरता प्रवास, सोबतीला कोणीतरी. सर्ट्रालिनसारखी औषधेही उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडू नयेत. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते, आजार तसाच राहतो.

भेटायला जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. ‘नेमके काय झाले, सांग ना’ म्हणून खोदून विचारू नये. लगेच सगळे बोलायला लावल्याने काहींचा त्रास वाढतो. डबा न्यावा, मुलांना शाळेत सोडावे, शेजारी बसावे. तो बोलला तर ऐकावे. पापनिवेदनात कोणी हे सांगितले, तर धर्मगुरू धीर देतील आणि प्रार्थना करतील, पण डॉक्टरकडेही पाठवतील. त्यात कमीपणा मानू नये.

जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार तज्ज्ञांविषयी चौकशी करावी. तेथवर जाणे जमत नसेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य चालू असतो. मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर महिनाभर थांबू नये, त्याच दिवशी फोन करावा. आजारी माणसाला फोन उचलवत नसेल, तर त्याच्या वतीने घरच्यांनी लावला तरी चालतो.